मराठी माध्यमामुळे गणित कच्चं? आधी ६१२ भागिले ६ करून बघा

आमच्या शिकवणीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तोच मेसेज तिसऱ्यांदा आलाय. पहिल्या दोन वेळी मी गप्प बसले. यावेळी एका आईने खाली विचारलं, "टीचर, मग पाचवीला इंग्लिश मीडियमला घालू काय?" म्हणून हे लिहिते. मी बेळगावात, वडगावला, संध्याकाळी चौथी ते सातवीच्या मुलांचं गणित घेते. मराठी, कन्नड, इंग्रजी, तिन्ही माध्यमांची पोरं एकाच सतरंजीवर बसतात.

मेसेज थोडक्यात असा: मराठीत आकडे उलटे बोलतात, म्हणून मराठी माध्यमाच्या मुलांचं गणित कच्चं राहतं, महाराष्ट्रानेही हे मान्य केलंय. पाढे म्हणजे घोकंपट्टी, मोबाईल असताना कशाला? अपूर्णांक लहान वयात कळत नाहीत, पुढे ढकला. आणि सातवीपर्यंत कच्चं राहिलं तरी दहावीला चांगला क्लास लावला की भरून निघतं. शेवटी हात जोडलेले आणि 'पुढे पाठवा'.

आकड्यांचं आधी घेते. त्यात थोडं खरं आहे. 'पस्तीस' म्हटलं की आधी पाच ऐकू येतो आणि दुसरीतलं पोर ५३ लिहून मोकळं होतं. 'एकोणसत्तर' म्हटलं की ७९. पण इंग्रजीवाल्यांचंही काही सरळ नसतं. थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी यांत माझ्याकडची इंग्रजी माध्यमाची मुलं हटकून घसरतात, आणि तेरा ते एकोणीस इंग्रजीतही उलटेच बोलतात. जर्मनमध्ये तर सत्तावीसला 'सात आणि वीस'च म्हणतात. थोर गणिती गाऊस त्याच भाषेत आकडे शिकला, त्याचं काही अडलं नाही.

महाराष्ट्राने मान्य केलं म्हणतात ते २०१९ चं प्रकरण. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' असं वाचन आलं आणि गदारोळ थेट विधानसभेत पोचला. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर तेव्हा पुन्हापुन्हा सांगत होत्या की जुने शब्द काढलेले नाहीत, लहान मुलांना सोपं जावं म्हणून हा जोड दिलाय. त्यातून 'मराठीत गणित होत नाही' हे कुठून निघालं, देव जाणे. आपल्या भागातल्या मुलांना तर तो जोड फुकटात मिळतो. कन्नडमध्ये सत्तावीस म्हणजे 'इप्पत्तेळु', इप्पत्तु म्हणजे वीस आणि एळु म्हणजे सात. कंडक्टर 'इप्पत्तेळु' म्हणतो आणि आमचं पोरगं सत्तावीस रुपये काढून देतं. जो घोटाळत असेल त्याला मी कन्नडमध्ये आकडा सांगते, मग मराठीत. (सीमाभागात हे बोलायचीही चोरी, पण असू दे.)

शिवाय ही चूक तिसरीपर्यंत बहुतेकांची सुटते. पाचवीत मूल अडतं ते वेगळ्याच जागी. ६१२ भागिले ६ घाला. माझ्या सतरंजीवर तिन्ही माध्यमांतून एकच उत्तर येतं: १२. सहा एके सहा, खाली एक, एकात सहा जात नाहीत म्हणून दोनही खाली ओढला, सहा दुणे बारा, संपलं. खरं तर असं बघायचं: सहा शतकं सहा जणांत वाटली, प्रत्येकाला एक शतक. उरलेलं एक दशक सहा जणांना पुरत नाही, म्हणून दशकाच्या घरात शून्य. मग बारा एकक, प्रत्येकी दोन. उत्तर १०२. ते मधलं शून्य कुठल्याही भाषेत गळतं, कारण स्थानिक किंमत कळलेली नसते, नुसती रीत पाठ असते. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी फक्त ३०.७ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागता आलं. त्यात वेगवेगळ्या राज्यांची, वेगवेगळ्या माध्यमांची मुलं होती.

आता पाढे. समजून न घेता घोकणं वाईट, हे मलाही पटतं. पण ४५६ भागिले ८ करताना दर पायरीला आठ पाचे किती म्हणून बोटं मोजत बसलं, तर आपण कुठल्या पायरीवर होतो हेच मूल विसरतं. आणि ओझं म्हणावं तर ते केवढं? दहापर्यंतच्या पाढ्यांत शंभर गुणाकार, पण सात आठे आणि आठ साते एकच, म्हणजे उरले पंचावन्न. एक, दोन, पाच आणि दहाचे मुलांना येतातच. ते काढले की राहतात एकवीस. एकवीस! तीसपर्यंतचा आग्रह मीही धरत नाही. चौदा साते अडलं तर दहा साते सत्तर, चार साते अठ्ठावीस, झाले अठ्ठ्याण्णव, एवढं सुचलं की पुरे. मोबाईलचं म्हणाल तर ३८ गुणिले १२ करताना बोट चुकून एक दाबायचा राहिला, तर तो ७६ दाखवतो. चाळीस बारे चारशे ऐंशी, म्हणजे साडेचारशेच्या आसपास यायला हवं, हे डोक्यात नसेल तर ७६ च खरं वाटणार.

अपूर्णांकांच्या मुद्द्याने मात्र मला राग येतो. सव्वाशे म्हणजे एकशे पंचवीस आणि पावणेदोन हजार म्हणजे साडेसतराशे, हे ज्या पोराला बाजारात कळतं त्याने अपूर्णांकाचा गुणाकार केव्हाच केलाय. कन्नडमध्येही कालु (पाव), अर्ध, मुक्कालु (पाऊण), ओंदूवरे (दीड) आहेतच. येळ्ळूरची एक सहावीतली पोरगी आहे. घरची जमीन अठरा गुंठे. एकराचे गुंठे चाळीस, तर ही किती एकर, असं विचारलं. पाटीवर तिने अठरा छेद चाळीस लिहिलं आणि अडून बसली. म्हटलं पाटी ठेव, तोंडी सांग. लगेच म्हणाली, "टीचर, अर्ध्या एकराला दोन गुंठे कमी की!" मग दोघींनी मिळून दोनाने भागून नऊ छेद वीस केलं, वीसाचे शंभर केले, पंचेचाळीस शतांश, ०.४५. अर्ध्याला थोडं कमी, तिच्या तोंडी उत्तराशी बरोबर जुळलं. यात तिच्या वयाचा काय दोष?

दशांशाला खरा शत्रू आहे क्रिकेट. ३.५ षटकांनंतर एक चेंडू टाकला की ४ होतात, म्हणजे टिंबापुढचे पाच हे सुटे पाच चेंडू, त्यामुळे अडीच रुपये २.५ लिहिले की मुलं दोन रुपये पाच पैसे वाचतात.

दहावीच्या क्लासचं एका ओळीत सांगते. क्ष/२ + क्ष/३ = १० हे दहावीचं पोर सोडवायला घेतं आणि डावीकडे २क्ष/५ लिहितं. चूक बीजगणिताची नाही, पाचवीची आहे: एक छेद दोन अधिक एक छेद तीन म्हणजे दोन छेद पाच. अर्ध्या भाकरीत आणखी तिसरा हिस्सा घातला आणि ती अर्ध्याहून कमी झाली! हे पाचवीत भाकरी मोडून दाखवायला दहा मिनिटं लागतात. दहावीला क्लासवाल्याकडे ती दहा मिनिटं नसतात, तो सूत्रं देतो.

तर त्या आईला उत्तर: शाळा बदलायच्या आधी आज रात्री पोराला ६१२ भागिले ६ घाला, हव्या त्या भाषेत. बारा आले तर ओरडू नका. सहाशे रुपये सहा जणांत वाटले तर एकाला किती, एवढंच विचारा आणि गप्प बसा. मग त्याचं त्याला खोडरबर शोधू द्या.