पाटीवरच्या दोन रेघा

आज सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबलं तर लांबलं.

जर्मनीतल्या मराठी लोकांचा आमचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. भाड्याची खोली, कोकम कुठे मिळतं, गणपतीची वर्गणी, असलं सगळं चालतं त्यावर. आज तिथे एका दादांनी पूर्व जर्मनीतल्या कॉटबुस स्टेशनच्या पाटीचा फोटो टाकला. वर जर्मनमध्ये कॉटबुस, खाली तेच नाव सोर्बियन भाषेत, खोशेबुज. सोबत दादांची मल्लिनाथी: ‘ही कुठली भाषा? मोजून चार म्हातारे बोलत असतील. आपल्या टॅक्समधून पाट्या!’ आणि त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

हेच दादा दर १ नोव्हेंबरला बेळगावच्या काळ्या दिनाची पोस्ट टाकतात. मी दरवर्षी लाइक करते.

तर दादा, त्या चार म्हाताऱ्यांपैकी एकीच्या घरात मी दोन वर्षं राहिलेय. कॉटबुसला शिकत होते तेव्हा. मी तिला आजीच म्हणायचे, आणि त्याचा अर्थ कळल्यावर तीही दारावरची बेल वाजवून ‘आजी आली’ म्हणायला लागली. पहिल्याच आठवड्यात मी शहाणपणा करून विचारलं, तुम्ही सोर्ब ना? (सोर्ब म्हणजे त्या भागातला जुना स्लाव अल्पसंख्याक समाज.) म्हणाली, ‘ते कागदावर. आम्ही वेंडिश.’ एकेकाळी हा शब्द तिथे शिवीसारखा वापरला जायचा. तिने तो तसाच उचलून अंगावर घेतलेला.

दर रविवारी संध्याकाळी तिच्या धाकट्या बहिणीचा फोन यायचा. तासभर. शब्द कळायचे नाहीत, पण जर्मन बोलताना हळू, जपून बोलणारी ही बाई त्या तासात चक्क भांडायची, खिदळायची. एकदा मला म्हणाली, आमच्या भाषेत ‘आम्ही’ दोन आहेत. सगळ्यांचं वेगळं आणि दोघांचंच वेगळं. दोघांसाठी ‘मेय’. मी उडालेच. अहो, द्विवचन! आठवीत बालकौ, बालकाभ्याम् घोकताना ज्याला शिव्या घातल्या ते द्विवचन इथे स्वयंपाकघरात, बटाटे सोलताना, जिवंत. मी सांगितलं की आमच्याकडे संस्कृतात होतं, मराठीने टाकून दिलं. ‘टाकून दिलंत?’ ती म्हणाली. ‘स्वतःहून?’

चार म्हातारे हे फार चुकीचं नाही, कबूल. सोर्ब लोक साधारण साठ हजार म्हणतात, त्यांतले बरेचसे सॅक्सनीत बाउत्सेनच्या बाजूचे. कॉटबुसकडची लोअर सोर्बियन, म्हणजे आजीची वेंडिश, घरात ऐकत वाढलेले आता फारच थोडे. पण चारच का उरले, हे विचाराल की नाही? १९३७ साली नाझींनी दोमोविना या त्यांच्या संघटनेवर बंदी घातली, भाषा सार्वजनिक जीवनातून हद्दपार केली, शिक्षक आणि पाद्री लांब बदलून टाकले. आजीचे आईवडील आपसात वेंडिश बोलायचे आणि पोरं खोलीत आली की जर्मन. या दोघी बहिणी भाषा शिकल्या त्या त्यांच्या आजीच्या कुशीत.

मग आला कोळसा. पूर्व जर्मनीच्या राजवटीने एका हाताने सोर्बियन शाळा दिल्या, नृत्यपथकं दिली, आणि दुसऱ्या हाताने लिग्नाइटसाठी गावं खणून काढली. लुसाशियात, म्हणजे सोर्बांच्या या मुलखात, शंभराहून जास्त गावं पूर्ण किंवा अर्धी गेली. आजीचं त्यातच गेलं. माणसांना फ्लॅट मिळाले, भरपाई मिळाली. शेजारी मात्र पांगले, आणि दुकानात, चर्चच्या दारात, कुंपणावरून बोलायची भाषा फ्लॅटच्या जिन्यात कोण बोलणार? माझ्या आईचं माहेर कोयनेच्या पाण्याखाली गेलेल्यांतलं. मला हे कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

आणि ही सगळी जुनी हुकूमशाही पापं, असं म्हणू नका. ब्रांडेनबुर्ग या कॉटबुसच्या राज्याच्या १९९२च्या घटनेत, पंचविसाव्या कलमात, सोर्बांच्या वस्तीच्या प्रदेशाचं रक्षण लिहिलंय. तरी होर्नो हे सोर्बांचं गाव कोळशापायी गेलंच. १९९८ला राज्याच्या घटना न्यायालयाने म्हटलं, हे राज्याचं उद्दिष्ट आहे, त्यापुढे इतर हितंही तोलावी लागतात. स्ट्रासबुर्गच्या युरोपीय मानवाधिकार न्यायालयानेही २०००मध्ये तक्रार फेटाळली. त्याच १९९८ साली युरोपचे दोन मोठे करार लागू झाले होते: अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचा आणि प्रादेशिक व अल्पसंख्याक भाषांचा. जर्मनी दोन्हींत सामील. सही झकास, शाई पक्की, आणि गावावर बुलडोझर. 

हे टाइप करताना माझाच आवाज चढतोय, नवरा पलीकडून बघतोय. चहा घेऊन आले.

हं. तर चांगलंही सांगते. १९९८मध्येच कॉटबुसच्या झिलोव भागातल्या बालवाडीत ‘विताय’ हा उपक्रम सुरू झाला. विताय म्हणजे या, स्वागत आहे. मुलांशी दिवसभर फक्त सोर्बियन. नमुना घेतला फ्रान्समधल्या ब्रेटन भाषेच्या दिवान शाळांचा. आता गंमत बघा, त्याच फ्रान्सच्या घटना परिषदेने मे २०२१मध्ये असं संपूर्ण बुडवून शिकवणं घटनाबाह्य ठरवलं, कारण प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच! फ्रान्सने अल्पसंख्याकांच्या करारावर तर सहीच केलेली नाही. आणि त्याच वर्षी जानेवारीत, युरोपभरातल्या अकरा लाखांहून जास्त लोकांनी अल्पसंख्याकांच्या हक्कांसाठी सह्या करून केलेल्या मागण्यांवर युरोपियन कमिशनचं उत्तर आलं: नवे कायदे नकोत, आहेत ते पुरेत. अकरा लाख सह्या! आम्ही सोसायटीच्या पाण्यासाठी तीस गोळा करताना दमतो.

हो, माहीत आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या नावाखाली रशियाने क्रायमियात काय केलं ते. म्हणून आजीच्या पाटीला हसायचं?

आणि पैसा वाया वगैरे... एका पाटीला किती रंग लागतो हो? बेळगावात दुकानावर मराठी अक्षरं कन्नडपेक्षा लहान हवीत म्हटलं की आपलं रक्त उसळतं, उसळायलाच हवं. मग इथे कसं गार पडतं? जिथे आपण मोठे तिथे हिशेब आणि जिथे आपण धाकटे तिथे हक्क, असं का? मेळघाटातल्या कोरकू पोराला पहिलीत कुठल्या भाषेत शिकवतो आपण, तो विषय काढत नाही, नाहीतर अर्धे मित्र मला अनफ्रेंड करतील. काढलाच म्हणा.

आजीची बहीण चार वर्षांपूर्वी गेली. नंतर मी भेटायला गेले तर रविवारी संध्याकाळी टीव्ही चालू. नातवाला भाषा येत नाही, त्यालाही काही वाटत नाही, हेही खरं. आजीकडे पुस्तकं आहेत, ‘नोवी त्सास्निक’ साप्ताहिक येतं, महिन्याकाठी चर्चमध्ये कधी वेंडिश प्रार्थना होते. तिथे ‘आम्ही’ सगळ्यांचं चालतं. ‘मेय’ म्हणायला मात्र समोर एकच माणूस लागतं, आणि ते आपलं लागतं.

मघाशी रागारागात तिला फोन केला. फोटोचं सांगितलं, लोक हसले तेही सांगितलं. वाटलं, चिडेल. ती म्हणाली, ‘फोटोत रेघा आहेत का बघ. ‘ओ’वर एक आणि ‘एस’वर एक. कधीकधी विसरतात.’

मी फोटो मोठा करून बघितला. आहेत म्हटलं, दोन्ही आहेत.

‘मग ठीक,’ म्हणाली, आणि बटाटे या वर्षी किती महाग झालेत ते सांगायला लागली.