आतडी कुठे टाकलीस?

गेल्या आठवड्यात वहिनीने फॅमिली ग्रुपवर त्यांच्या डोंबिवलीच्या सोसायटीतल्या नोटीसचा फोटो टाकला. सदस्यांनी घरात मासे साफ करू नयेत, मासळीचा कचरा बिल्डिंगच्या डब्यात टाकू नये, इतर सदस्यांना वासाचा त्रास होतो वगैरे, आणि खाली सेक्रेटरीची सही. फोटोखाली वहिनीचा प्रश्न, "भावोजी, तुमच्या अमेरिकेत असलं काही असतं का हो?"

मी उत्तर द्यायच्या आत ग्रुपवर महाभारत सुरू झालं. एक काका म्हणे आम्ही कोकणातली माणसं, मासे खाणारच, ज्याला वास येतो त्याने खिडकी लावून घ्यावी. दुसऱ्याने २०२५ चा विषय उकरून काढला, कल्याण-डोंबिवली पालिकेने १५ ऑगस्टला मटणाची दुकानं बंद ठेवायला सांगितली होती तो. मग शाकाहारी-मांसाहारी, मग मराठी-अमराठी, मग एक आतेभाऊ ग्रुप सोडून गेला, मग त्याला परत ॲड केलं.

मी मात्र तेव्हा मिनेसोटात मिल लॅक्स नावाच्या तळ्यावर, म्हणजे तळ्याच्या बर्फावर, तंबूत बसलो होतो आणि माझ्याच हाताला मासळीचा वास येत होता, त्यामुळे टाईप करायचा प्रश्नच नव्हता.

इथे थंडीत तळी गोठतात, बर्फ चार इंच झाला की माणसं चालत जातात, अजून जाड झाला की गाड्या घेऊन जातात, ऑगरने, म्हणजे बर्फ पोखरायच्या मोठ्या गिरमिटाने, भोक पाडतात आणि त्यात गळ सोडून तासन् तास बसतात. मला पहिल्यांदा नेलं ते शेजारच्या रिटायर्ड आजोबांनी. सहा पर्च नावाचे मासे मिळाले, वीतभर लांबीचे, अंगावर हिरवट पट्टे. मला वाटलं इथेच साफ करून टाकू, घरी बेसिनमध्ये खवले उडाले की बायको बोलते. पण पर्चचे खवले म्हणजे काय चीज आहे ते तेव्हा कळलं, बर्फात पाच मिनिटं ठेवला की मासा लाकडासारखा कडक होतो, सुरी घसरते, ग्लोव्ह काढला की बोटं बधिर आणि घातला की काही धरता येत नाही. कसेबसे दोन साफ केले आणि आतडी, कल्ले भोकाशेजारीच बर्फावर टाकले, म्हटलं खाईल गरुड. इथे बॉल्ड ईगल खरंच येतात हो, वर झाडावर बसून बघत असतात.

आजोबा म्हणाले, "ते उचल."

मी म्हटलं गरुड खाईल की. तर म्हणाले, "आणि नाही खाल्लं तर? एप्रिलमध्ये बर्फ वितळेल तेव्हा ते पाण्यात जाणार, तेव्हा तू इथे येणार आहेस का उचलायला?" आणि स्वतःच्या खिशातून ब्रेडची रिकामी पिशवी काढून दिली. पांढऱ्या बर्फावर रक्ताचा तो लाल डाग बाकी कितीही खरवडला तरी पूर्ण गेला नाही. भोकात ढकलून देऊ का असं विचारायचं मनात आलं होतं, नशीब विचारलं नाही, कारण तेही चालत नाही. आमिषाचे उरलेले जिवंत मिनो, म्हणजे बारीक मासेसुद्धा तळ्यात सोडायचे नसतात, रोग आणि नको ते जीव एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जातात म्हणून, ते कचऱ्याच्या डब्यातच टाकायचे.

आता लगेच "बघा परदेशात कसं शिस्तीत" असं म्हणू नका. २०२३ मध्ये राज्याला बर्फावरच्या कचऱ्यासाठी वेगळा कायदा करावा लागला, १०० डॉलर दंडाचा, तो काय लोक शिस्तीचे होते म्हणून? चाकांवरची घरं बर्फावर नेऊन लोक चार-चार दिवस राहतात आणि जाताना मागे काय काय सोडून जातात ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्या कायद्याच्या यादीत सिगरेटची थोटकं आहेत, फटाक्यांचा कचरा आहे, सांडपाणी आहे आणि त्याच ओळीत मेलेलं जनावर आणि आतडीसुद्धा आहेत. म्हणजे माझे ते दोन पर्च.

साफ करण्याचेही नियम आहेत. फिले, म्हणजे काट्यावेगळी केलेली तुकडी, काढून घरी न्यायचा तर त्यावर एक चौरस इंच कातडी खवल्यांसकट ठेवायची, म्हणजे अधिकाऱ्याने कूलर उघडला तर मासा कोणता ते कळतं. ज्या तळ्यात माशाच्या लांबीची मर्यादा आहे तिथे डोकं-शेपटीसकट अख्खा न्यायचा, कारण तुकडी मोजून लांबी कळत नाही. आणि किती मासे जवळ ठेवायचे त्या हिशेबात घरच्या फ्रीझरमधलेही धरतात! हे ऐकून मी घरी येऊन आधी फ्रीझर रिकामा केला, कालवण झालं तीन दिवस.

मला यातलं जे आवडतं ते हे की इथे तू मासा का मारतोस, का खातोस हे कुणी विचारत नाही, आतडी कुठे टाकलीस एवढंच विचारतात. आपल्याकडे बरोब्बर उलटं. वहिनीच्या नोटीसमध्ये खरा मुद्दा कचऱ्याचा होता असं मला वाटतं, ओला कचरा दुपारपर्यंत जिन्याखाली पडून राहतो आणि उन्हाळ्यात त्याला वास येतो, कोळंबीच्या सालांचा तर येतोच, खोटं कशाला बोला. पण नोटीस लिहिली "मासे साफ करू नयेत" अशी, म्हणजे कचऱ्याचं भांडण स्वयंपाकघरात घुसलं, आणि मग आमचे काकाही कचऱ्याबद्दल एक शब्द न बोलता संस्कृतीवर उतरले. दोन्हीकडच्यांना तेच सोयीचं.

अर्थात वासाचं पत्र मलाही आलंय. इथे नवीन होतो, अपार्टमेंटमध्ये राहायचो, एका रविवारी सुकट भाजली तर दुसऱ्या दिवशी दारात मॅनेजमेंटची चिठ्ठी, फार गोड भाषेत. तेव्हा मीपण काकांसारखाच भडकलो होतो. म्हणून वहिनीचा राग मला कळतो.

आणि एक गोष्ट मात्र इथली अजिबात पटत नाही. हे लोक माशाच्या दोन बाजूंचे दोन फिले काढतात आणि बाकी सगळं, डोकं, काटा, गाबोळी, सरळ पिशवीत. गाबोळी! आमची आई कोळीणमावशीशी गाबोळीवरून हुज्जत घालायची, डोक्याचं वेगळं तिकलं व्हायचं, कल्ले मांजराला आणि मासे धुतलेलं पाणी गॅलरीतल्या डालड्याच्या डब्यातल्या कढीपत्त्याला. कचरा म्हणून उरायचं ते मूठभर. आजोबांना मी एकदा वॉलआय नावाच्या माशाची डोकी मागितली तर त्यांना वाटलं मी ती कुठल्या प्राण्यासाठी नेतोय. आता ते स्वतःहून पिशवी भरून आणून देतात आणि "तुझ्या मांजराला" म्हणतात, आमच्याकडे मांजर नाही.

तर वहिनीला मी दोन दिवसांनी लिहिलं की असतं इथेही, पण खाण्यावर नसतं, टाकण्यावर असतं. तुम्ही मीटिंगमध्ये मासे खाण्याबद्दल बोलूच नका, कचऱ्याच्या वेळेबद्दल बोला, आणि तोवर इथे आम्ही करतो तसं करा, आतडी-खवले पेपरात गुंडाळायचे, पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवायचे, कचऱ्याची गाडी यायच्या सकाळीच बाहेर काढायचे, वास येतच नाही.

वहिनीचं उत्तर लगेच आलं. "आइस्क्रीमशेजारी? भावोजी, सेक्रेटरी परवडला. आई मला फ्रीझरसकट बाहेर काढतील."