क्रॅटमवर सरसकट बंदी मागण्याआधी हे वाचा

इथे अमेरिकेतल्या आपल्या लोकांमध्ये एक फॉरवर्ड फिरतोय, मला तीन जणांनी पाठवला. म्हणणं असं की क्रॅटम म्हणजे हर्बल नावाखाली विकलेलं हेरॉइन, त्याने ४४ माणसं मेली, ओपिऑइडचं (अफूच्या जातीच्या वेदनाशामक आणि नशेच्या पदार्थांचं) व्यसन सोडवायला औषधं आहेतच, तेव्हा देशभर बंदी घाला. पाठवणाऱ्यांना मुलाबाळांची काळजी आहे हे कळतं मला, पण यातलं एकेक वाक्य अर्धवट आहे.

"हर्बल हेरॉइन" – क्रॅटम हे थायलंड, मलेशिया, इंडोनेशियातलं झाड, कॉफीच्या कुळातलं, आपल्याकडच्या कळंबाचं भावंडच. तिकडचे मजूर उन्हात राबताना पिढ्यानपिढ्या याची पानं चघळतात. त्यातलं मुख्य रसायन मायट्रागायनिन हे हेरॉइन शरीरात जिथे चिकटतं त्याच जागांवर (ओपिऑइड रिसेप्टरवर) काम करतं, पण पूर्ण ताकदीने नाही. सवय मात्र लागते हां, सोडताना झोप उडते, अंग दुखतं, चिडचिड होते, हे मी लपवणार नाही. पण म्हणून ते हेरॉइन होत नाही.

"४४ मेले" – हा आकडा एफडीएचे (अमेरिकेतली अन्न-औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तेव्हाचे प्रमुख स्कॉट गॉटलीब यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये दिला, आणि त्यातल्या बहुतेकांच्या शरीरात इतरही ड्रग्ज होती हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही. सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्यसंस्था) जुलै २०१६ ते डिसेंबर २०१७ मधले २७,३३८ ओव्हरडोस मृत्यू तपासले. क्रॅटम सापडलं १५२ जणांत, ९१ जणांत ते मृत्यूचं एक कारण धरलं गेलं, आणि तपासणीत फक्त क्रॅटमच सापडलं असे निघाले ७, आणि तिथेही दुसरं काही नव्हतंच अशी खात्री देता येत नाही असं सीडीसीच म्हणते. १५२ मधल्या निम्म्याहून जास्त लोकांत फेंटॅनिल, म्हणजे हेरॉइनपेक्षाही कित्येक पट जहाल ओपिऑइड, होतं. सात जीव म्हणजे काहीच नाही असं मी म्हणत नाहीये, पण खरा मारेकरी कोण ते तरी बघा ना.

"औषधं आहेतच" – आहेत, आणि मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन मिळत असेल तर आधी तेच घ्या, कारण ती जीव वाचवतात हे सिद्ध झालंय, क्रॅटमचं तसं अजून झालेलं नाही. पण मेथाडोनसाठी सुरुवातीला जवळजवळ रोज सकाळी क्लिनिकला जावं लागतं, आणि ब्युप्रेनॉर्फिन लिहून द्यायला डॉक्टरला २०२२ संपेपर्यंत वेगळी परवानगी लागायची. माझ्याबरोबर काम करणारा एक जण, पाठीच्या ऑपरेशननंतर ऑक्सिकोडोन या ओपिऑइड वेदनाशामक गोळ्यांत अडकला, डॉक्टरने एक दिवस गोळ्या बंद केल्या आणि पुढे काय ते सांगितलंच नाही. तो आता सकाळी एक चमचा हिरवी पावडर संत्र्याच्या ज्यूसमध्ये ढवळतो, नाक दाबून एका दमात पितो (मी चाखलीये, कारल्यापेक्षा कडू) आणि कामावर येतो. सहा वर्षं झाली. एका माणसावरून सिद्ध काहीच होत नाही, पण त्याला गुन्हेगार ठरवून कुणाचं भलं होणारे?

२०१६ ला डीईएने (अमेरिकेचं अमली पदार्थविरोधी खातं) हेच करायचं ठरवलं होतं, क्रॅटममधली मायट्रागायनिन आणि सेव्हन-ओएच (७-हायड्रॉक्सिमायट्रागायनिन) ही दोन्ही रसायनं हेरॉइनच्या यादीत टाकायची. लोक व्हाइट हाउससमोर उभे राहिले, लाखाहून जास्त सह्या झाल्या, दोन्ही पक्षांच्या खासदारांनी पत्रं लिहिली आणि ऑक्टोबरमध्ये निर्णय मागे घ्यावा लागला. थायलंडने तर १९४३ ला बंदी घातली आणि २०२१ मध्ये स्वतःच उठवली.

मग मोकाट सोडायचं का? अजिबात नाही! २०१८ मध्ये क्रॅटममधून साल्मोनेला हे जुलाब-तापाचे जंतू पसरून १९९ लोक आजारी पडले, तपासणी नसली की असंच होतं. यूटा राज्याने २०१९ मध्ये कायदा केला, त्यात वयाची अट, लेबल आणि भेसळीवर बंदी आहे, तसं सगळीकडे हवं. आणि गॅस स्टेशनवर एनर्जी ड्रिंकशेजारी चकचकीत पाकिटात ज्या सेव्हन-ओएचच्या गोळ्या दिसतात ना, त्या म्हणजे पान नव्हे, पानात नावापुरतं असलेलं रसायन वेगळं काढून कित्येक पट तीव्र केलेलं. एफडीएने जुलै २०२५ मध्ये त्यावर बंदीची शिफारस केली ती पानाला बाजूला ठेवून, आणि त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

तो सहकारी राहतो शिकागोजवळ, मुलगी शेजारच्या इंडियाना राज्यात. तिथे ही पावडर बाळगणं गुन्हा आहे, म्हणून डबा घरी ठेवून जातो. नातवाला भेटायला चार दिवस म्हणून निघतो आणि दुसऱ्याच रात्री परत येतो.