'अभ्यास कर' म्हणणाऱ्या अभियंतासाहेबांना

'एक अभियंता' यांस,

लागोपाठच्या स्फोटांच्या जोरावर चालणाऱ्या पल्स डेटोनेशन इंजिनावरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्याच वाक्याला अडखळलो. "हे तर व्ही-१ चंच इंजिन, नाव तेवढं नवं, गूगल करून लेख पाडण्याआधी जरा अभ्यास कर." 'कर'! ओळख ना पाळख, थेट अरेतुरे. मतभेद असावेत हो, पण बोलायची काही रीत?

आता व्ही-१, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातला जर्मन उडता बॉम्ब. त्याचं इंजिन पल्सजेट. १९९१ साली डिप्लोमाला असताना मी आणि एका मित्राने मामाच्या पत्र्याच्या शेडमध्ये तसाच एक पल्सजेट बांधला होता. तिसऱ्या दिवशी व्हॉल्व्हच्या पाकळ्या जळाल्या, मामाने हाकललं, दोन दिवस कान वाजत होते. गूगल तेव्हा जन्मालाही आलं नव्हतं.

व्ही-१ च्या नळीत सेकंदाला साधारण ४५ वेळा भडका उडायचा. पण भडका म्हणजे डेटोनेशन नव्हे! भडक्यात ज्योत ध्वनीपेक्षा हळू सरकते, दाब बेताचाच वाढतो. डेटोनेशनमध्ये पुढे आघाततरंग धावतो, तोच मिश्रण दाबून पेटवतो आणि ज्वलन त्याच्या पाठीला चिकटून जातं. हायड्रोजन आणि हवेच्या मिश्रणात सेकंदाला जवळपास २ किलोमीटर. त्यातून मिळणाऱ्या जबर दाबासाठीच सगळा खटाटोप. साध्या ज्योतीचं डेटोनेशन व्हावं म्हणून नळीत तारेचं स्प्रिंगसारखं वेटोळं बसवतात, श्चेल्किन स्पायरल. व्ही-१ मध्ये ते दाखवा, ब्लॉग बंद करतो.

एक चूक मात्र मान्य. कॅलिफोर्नियातल्या मोहावेत या इंजिनावर उडवलेल्या विमानाचा जोर मी '२०० किलो' लिहिला होता, हवे होते २०० पाउंड, म्हणजे ९० किलोच्या आसपास. दुरुस्त केलं आहे. ते लाँग-ईझी विमान ३१ जानेवारी २००८ ला या इंजिनावर दहाच सेकंद उडालं, हेही खरं. पण लेखात मीही दहाच लिहिले होते, वाचले असते तर दिसले असते.

उरलं तुमचं म्हणणं की संशोधक आता रोटेटिंग डेटोनेशनकडे (त्यात स्फोटाचा तरंग कड्यासारख्या पोकळीत गोल फिरत राहतो) वळलेत आणि मी ते लपवलं. लपवलं कसलं? लेखाचा विषयच पल्स होता. जपानच्या एस-५२०-३१ रॉकेटवर जुलै २०२१ मध्ये दोन्ही इंजिनं अवकाशात चालली, एवढं सांगून हा विषय सोडतो. (रोटेटिंग सहा सेकंद, पल्स दोन-दोन सेकंद, तीनदा. आकडे तुमच्या बाजूचे वाटत असतील तर घ्या.)

पुढच्या वेळी नाव लिहा. आणि 'अहो' म्हणा, वयाने तुम्ही लहानच असणार.