कवळ्याच्या आवारात उभं राहून तो मेसेज वाचा

गेले काही महिने एक मेसेज नातेवाइकांच्या ग्रुपांवर फिरतोय. मथितार्थ असा: गोव्याला लोक जातात ते स्वस्त दारू प्यायला आणि बीचवरचे परदेशी बघायला. या दोन गोष्टी काढल्या तर तिकडे कुणी फिरकणार नाही. पुढे सल्ला, की महाराष्ट्रानं दारूवरचा कर उतरवावा, कोकणाचा गोवा झालाच म्हणून समजा. आमच्या घरच्या ग्रुपवरही तो आला आणि त्याखाली भराभर अंगठे पडले. मला तो फार लागला, कारण आमची कुलदेवता गोव्यातल्या कवळे गावची शांतादुर्गा आहे.

आधी दारू. ती गोव्यात स्वस्त आहे आणि तेवढ्यासाठी कळंगुट-बागाला येणारे पुष्कळ आहेत, हे मान्यच. पण कर कमी असल्यामुळे दमणलाही ती स्वस्त मिळते. तिथे समुद्र आहे, पोर्तुगीजांचे किल्ले आहेत, चर्च आहेत. तरी नागपूरचं एखादं कुटुंब वर्षभर पैसे साठवतं ते दमणसाठी नाही, गोव्यासाठी.

परदेशी लोकांचं तर आकड्यांतच निकालात निघतं. २०२४ मध्ये गोव्यात आलेल्या पर्यटकांत देशातले साधारण ९९ लाख होते आणि परदेशी पावणेपाच लाखांच्या आत. शंभरात पाचसुद्धा नाहीत.

आता 'कुणी फिरकणार नाही' या वाक्याकडे येते. गेल्या वर्षी आईला घेऊन कवळ्याला गेले होते. अग्रशाळेत, म्हणजे देवळाच्या भक्तनिवासात, खोली मिळाली. पहाटे जाग आली तेव्हा आई कधीचीच आंघोळ करून बसली होती, मांडीवर ओटीचं ताट. खण, नारळ, तांदूळ, हळकुंडं सगळं घरून आणलेलं, तरी तिसऱ्यांदा मोजत होती. बाहेर तळीच्या बाजूला गाड्या लागलेल्या: एमएच ०९, एमएच १२, केए २२. एका गाडीतून बारशाचं बाळ उतरलं, कुंची घातलेलं. ही माणसं पर्यटकांच्या मोजणीत येतात की नाही? हॉटेलात राहतात, जेवतात, काजू-कोकम घेऊन परततात.

आणि ती का येतात याला साडेचारशे वर्षांचं कारण आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देवळं पाडायला घेतली तेव्हा लोकांनी देव उचलून त्यांच्या हद्दीबाहेर नेले. मंगेश कुठ्ठाळीहून झुआरी ओलांडून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. देवांबरोबर घरंही उठली. कुणी रत्नागिरीकडे गेलं, कुणी कारवार-मंगळूरकडे, कुणी थेट कोचीला. आजचं कवळ्याचं देऊळ १७३८ च्या सुमाराचं, छत्रपती शाहूंच्या काळात नारोराम मंत्र्यांच्या पुढाकारानं उभं राहिलं. परागंदा झालेल्यांच्या पुढच्या पिढ्या अजून तिथं नारळ ठेवायला येतात. हे सगळं एका बाटलीच्या किमतीत बसवायचं?

जुन्या गोव्याचंही तसंच. तिथे जपलेल्या संत फ्रान्सिस झेवियरच्या शवाचं दर्शन दहा वर्षांनी एकदा असतं. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात ते झालं, तेव्हा भाविकांच्या रांगा लागल्या होत्या. पावसाळ्यात माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढे चिखलकाला, म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव, होतो, तो बघायलाही आता बाहेरून लोक येतात.

राहिला कोकणाचा गोवा करण्याचा सल्ला. सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून १९९७ मध्येच जाहीर झालाय. तारकर्लीची वाळू कुठल्याही बीचपेक्षा कमी नाही आणि मालवणी जेवणाबद्दल मी काय सांगू. अडलंय ते पोचण्याशी आणि राहण्याशी. गोव्यात परदेशी चार्टर विमानं १९८७ पासून उतरतायत, आता दाबोळीच्या जोडीला मोपाचा विमानतळही आहे. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ च्या सुमारास सुरू झालं, ते वर्षानुवर्षं रखडलं. गोव्यात बसमधून उतरलात की पिवळ्या-काळ्या मोटरसायकलवाला 'पायलट' उभा असतो, भाड्याची स्कूटर मिळते, पाचशेपासून पन्नास हजारांपर्यंत खोली मिळते. रात्री दहाला दोन मुलं आणि एक म्हातारी घेऊन मालवण स्टँडवर उतरलेल्या माणसाला खोलीपर्यंत कोण नेतं, ते मेसेज लिहिणाऱ्यानं एकदा जाऊन बघावं आणि मग कराचं बोलावं.