सैंधवानं बीपी वाढत नाही म्हणे. आत्याचं वाढलं!

माझी आत्या कराडला असते. वय ६८, नऊ वर्षं बीपीची गोळी चालू. गेल्या महिन्यात तपासणीला गेली तर वरचा आकडा १७०. खाण्यात काही बदल केलाय का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर ही म्हणाली, "उलट सुधारणाच केलीय. पांढरं मीठ बंद, आता फक्त सैंधव." सैंधवानं बीपी वाढत नाही हे मनात पक्कं, त्यामुळे आमटी-भाजीत हात सैल सुटला होता. ताकात वेगळं, काकडीवर वेगळं. बीपी निव्वळ मिठामुळेच वाढलं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण गोळी वाढली आणि मला राग आला, तो अजून गेलेला नाही.

हे तिच्या डोक्यात भरवलं 'पाच पांढरी विषं' या मेसेजनं. तुमच्याही घरच्या ग्रुपवर तो आला असेल. मीठ, साखर, मैदा, तांदूळ, दूध ही ती पाच विषं. आयोडीनचं मीठ हा परदेशी कंपन्यांचा डाव, त्यात सायनाइड असतं. सैंधव कितीही खा. मधुमेह असेल तर साखरेऐवजी गूळ घ्या. मैद्यात मधुमेह करणारं रसायन असतं. पाकिटावर घटकांच्या यादीत असलेले नंबर म्हणजे विषारी केमिकल. आणि सगळ्यात शेवटी सैंधव घरपोच मागवायला फोन नंबर.

तांदूळ आणि दुधाबद्दल एकेक ओळ आहे, कारण एकही दिलेलं नाही. ते सोडून देते. मीठ मात्र सोडणार नाही.

सैंधव म्हणजे खाणीतलं मीठ. त्यात साधारण ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच असतं. बीपी वाढवतं ते सोडियम, मग ते गुलाबी खड्यातून येवो की पांढऱ्या पुडीतून. उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत जी काही खनिजं असतील, त्यांचा उपयोग व्हायला मूठ-मूठ मीठ खावं लागेल. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, ही मर्यादा सैंधवालाही तितकीच लागू आहे.

"आपले पूर्वज सैंधवच खायचे" हे मेसेजमधलं वाक्य तर महाराष्ट्रात कुणी लिहूच नये. उरण, पेण, भाईंदरची मिठागरं कशासाठी होती? माझ्या आजीच्या बरणीत खडे मीठ असायचं, समुद्राचं. सैंधव निघायचं ते उपासाला.

आता आयोडीन. १९५६ मध्ये डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात एक अभ्यास सुरू केला. तिथे दहातल्या तीन-चार माणसांना गलगंड होता, म्हणजे आयोडीन कमी पडल्यानं गळ्यातली थायरॉइड ग्रंथी सुजलेली. खोऱ्याचे तीन भाग केले. दोन भागांत आयोडीन घातलेलं मीठ दिलं, त्यातल्या एकात पोटॅशियम आयोडेट, म्हणजे मेसेज ज्याला 'घातक केमिकल' म्हणतो तेच. तिसऱ्या भागात साधं मीठ. सहाएक वर्षांत पहिल्या दोन भागांतला गलगंड निम्म्यावर आला. साध्या मिठाच्या भागात तो होता तसाच राहिला. मग तिथेही आयोडीनचं मीठ सुरू केलं, आणि तिथेही तो उतरला. याहून स्पष्ट पुरावा काय हवा? आपल्याच डॉक्टरांनी, आपल्याच खोऱ्यात, आपल्याच माणसांवर केलेलं काम आहे हे. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. यात परदेशी डाव कुठून आला?

आणि प्रश्न गळ्याच्या गाठीपुरता नाही. पोटातल्या बाळाचा मेंदू घडतो तेव्हा, विशेषतः पहिल्या महिन्यांत, ते आईच्या थायरॉइडवर अवलंबून असतं. त्या थायरॉइडला आयोडीन लागतं, आणि गरोदरपणात ते नेहमीपेक्षा जास्त लागतं. समुद्राचं मीठ असो वा खाणीतलं, वरून घातल्याशिवाय त्यात ते पुरेसं नसतं. आत्यानं हा मेसेज माझ्या चुलत बहिणीलाही पाठवला होता. तिला चौथा महिना लागलाय.

सायनाइडचं म्हणाल तर मिठाचे गोळे होऊ नयेत म्हणून त्यात पोटॅशियम फेरोसायनाइड घालतात, किलोला फार तर १० मिलिग्रॅम. त्यातलं सायनाइड लोहाशी घट्ट बांधलेलं असतं, पोटात सुटं होत नाही. ५ ग्रॅम मिठातून फार तर ०.०५ मिलिग्रॅम फेरोसायनाइड जातं. ६० किलोच्या माणसाला रोज १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं, असं आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीनं ठरवलंय. नावात सायनाइड दिसलं की घाबरवायचं, एवढंच त्यात आहे.

गूळ हा बहुतांशी साखरच आहे. थोडं लोह असतं, मान्य. पण मधुमेहाच्या माणसाला 'गूळ चालतो' सांगणं म्हणजे त्याची शुगर वाढवणं.

मैद्यातलं ते रसायन म्हणजे अ‍ॅलोक्सन. प्रयोगशाळेत उंदरांना मधुमेह व्हावा म्हणून ते टोचतात. मैदा खाल्ल्यानं माणसाला त्यातून मधुमेह झाल्याचा पुरावा नाही. पण इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. २०१६ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटनं पाव-ब्रेडचे ३८ नमुने तपासले, तेव्हा ८४ टक्क्यांत पोटॅशियम ब्रोमेट (पाव चांगला फुगावा म्हणून पिठात घालायचं, कर्करोगाचा संशय असलेलं रसायन) किंवा आयोडेट सापडलं. त्याच वर्षी ब्रोमेटवर बंदी आली. म्हणजे ब्रेडबद्दल शंका घेणं वेडेपणाचं नव्हतं. मैद्यात कोंडा नसतो, तो रोज खाऊ नये, हेही खरंच.

नंबरांचं थोडक्यात: १०० म्हणजे हळदीतला पिवळा रंग, ३३० म्हणजे लिंबातलं सायट्रिक अ‍ॅसिड. नंबर असणं म्हणजे विष नव्हे.

पाकिटातलं खाणं कमी करा, हा मेसेजमधला सल्ला मात्र बरोबर आहे, आणि तो बरोबर असल्यामुळेच बाकीचं लोकांच्या गळी उतरतं. २०१९ मध्ये अमेरिकेत केविन हॉल या संशोधकानं २० जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. पाकीटबंद खाण्याच्या आठवड्यांत माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होती. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनंही २०२४ च्या आहार-सूचनांत असे पदार्थ कमी करा आणि लेबल वाचा, असं सांगितलंय.

म्हणून गेल्या रविवारी आत्याला घेऊन किराणा दुकानात गेले. घटकांच्या यादीत जे पहिलं, ते सगळ्यात जास्त, हे दाखवलं. सोडियमच्या आकड्याला अडीचनं गुणलं की मीठ निघतं, हेही शिकवलं. तिच्या आवडत्या शेवेच्या पाकिटावर १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम होतं, म्हणजे २ ग्रॅम मीठ. कमी सोडियमचं मीठ घेऊ का, असं तिनं विचारलं. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा बीपीच्या काही गोळ्या चालू असतील तर ते घातक ठरू शकतं, म्हणून आधी डॉक्टरांना विचार, म्हटलं.

तिनं शेव परत ठेवली आणि आयोडीनच्या मिठाची पुडी घेतली. मग तिथूनच चुलत बहिणीला फोन लावला. "अगं, मी तुला मिठाचं पाठवलं होतं ना, ते चुकीचं आहे. घरातलं सैंधव बाजूला ठेव आणि आजच आयोडीनचं मीठ आण."