गोळी नको, झटका घ्या

बीपी-कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांची बिलं कंपनीच्या मेडिक्लेमला लावायचा विचार करून राहिले असाल, तर आधी माझं ऐका. लावू नका. माझी परवाच परत आली. शेरा एकच: 'ओपीडी, देय नाही.' एचआरला फोन केला, तर मॅडम गोड आवाजात म्हणाल्या, "सर, ॲडमिट झाला असता तर झालं असतं ना!" केवढी ही आपुलकी!

तेव्हा टेल्मिसार्टन, ॲटोर्व्हास्टॅटिन असली थेरं आजपासून बंद. सकाळी तर्री पोहे, रात्री सावजी, आणि तेल मोजायचं नाही.

लस घेऊ नका. न्यूमोनिया कव्हर आहे.

नुसत्या तपासण्यांसाठी भरती होऊन शहाणपणा करू नका, तो क्लेम नाकारायचं कलम पॉलिसीत आधीच छापलेलं असतं. आजार सोबत घेऊन या, हात हलवत येऊ नका.

आता मुख्य गोष्ट. छातीत कळ आली की नागपुरातल्या धंतोली किंवा रामदासपेठेतलं हॉस्पिटल गाठा आणि २४ तास पलंग सोडू नका. मग बघा थाट! कॅशलेस, टीपीएची, म्हणजे विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या एजन्सीची मंजुरी, अँजिओप्लास्टी, स्टेंट. लाखांची बिलं बिनबोभाट सुटतात. आणि खरी गंमत घरी आल्यावर. बहुतेक ग्रुप पॉलिसींत डिस्चार्जनंतर ६० दिवसांचा औषधांचा खर्च मिळतो. म्हणजे तीच ॲटोर्व्हास्टॅटिन, त्याच मेडिकलमधली, तशीच पावती, आणि बिल मंजूर! झटक्याआधी ती ओपीडी होती, झटक्यानंतर ती उपचार झाली, आणि ६१व्या दिवशी पुन्हा ओपीडी. काऊन? ६१व्या दिवशी रक्तवाहिन्यांना काय सुट्टी लागते? झटका येऊ नये म्हणून गोळी घेणाऱ्याला दमडी नाही, झटका आलेल्याला लाखो. हा हिशोब कोणत्या शाळेत शिकवतात?

ओपीडीचं कव्हर बाजारात मिळतं. कंपनी घेत नाही, कारण प्रीमियम वाढतो. मग तसं तोंडावर सांगा ना! त्याऐवजी वेलनेस वीक, पहाटे फुटाळा तलावावर वॉक, टी-शर्ट, केळी, ग्रुप फोटो. महिना २१,००० पर्यंत पगार असलेल्या हिंगण्याच्या कामगाराला ईएसआयच्या दवाखान्यातून औषध मिळतं, केंद्र सरकारच्या माणसाला सीजीएचएसमधून. मधल्या आपल्याला फक्त टी-शर्ट.

आणि आपणही कमी नाही. रिन्यूअलचा मेल न वाचता डिलीट करतो आणि पाहुण्यांना सांगतो, पाच लाखांचं कव्हर आहे. त्या मेलला उत्तर द्या. ओपीडी लेखी मागा, आख्ख्या फ्लोअरच्या सह्या घेऊन मागा.

माझ्या बाजूच्या टेबलावरचा गडी बीपीची गोळी दिवसाआड घेतो. स्ट्रिप दुप्पट पुरते म्हणे. काऊन बे, बीपी काय दिवसाआड येतं? महाग पडते तर डॉक्टरला विचार, जनऔषधी केंद्रातून आण. पण रोज घे, गाढवा!